दस्त्यातली चीर

“तीन!... चार!... जोर लाव वं, मायबाई!” गणेश पंप मोजत होता की कुस्तीचा फड गाजवत होता, कोण जाणे!

“ओरडू नको ना! हात हलते माहा,” महामाया दातओठ खात म्हणाली.

दिवाळीच्या सुट्टीत वरवट बकालच्या शाळेच्या मैदानावर सारिका मॅडमचं नेमबाजीचं शिबिर चाललं होतं. पोरं पंधरा आणि बंदूक एक, तीही व्यायामशाळेची. ही छर्‍याची बंदूक एका दमात भरत नसे. नळीखालचा लाकडी पट्टा खाली ओढायचा, पुन्हा वर दाबून मिटवायचा, की झाला एक पंप. जितके पंप जास्त, तितकी आत हवा कोंबलेली आणि तितका पुढचा पंप जड. डाव्या हातात पट्टा, उजव्या हातात दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकवायच्या लाकडी मुठीची मान, आणि सगळा ताण त्या बारीकशा मानेवर. मॅडमचा नियम होता: पाच पंप, सहावा नाही.

“पाच!” गणेश ओरडला.

आणि ‘कट्’ असा आवाज झाला.

महामायेच्या उजव्या हातातला दस्ता हातातल्या हातात वाकला. मानेपाशी लाकूड चिरलं होतं. तरीही तिनं नळी निशाणामागच्या मातीच्या बांधाकडेच धरून ठेवली. मॅडम धावत आल्या, बंदूक हळूच काढून घेतली आणि आतली हवा बांधाकडे सोडून दिली.

“काय झालं बे? काय झालं?” झाडाखालच्या खुर्चीवरून भगवंतराव उठून आले. ते व्यायामशाळेचे अध्यक्ष. बंदूक त्यांच्याच घरच्या कपाटात राहायची आणि सगळी पोरं त्यांना आबा म्हणायची. चीर पाहिली मात्र, आबांचा पारा चढला. “पाडली! पाडली ना तुनं? हप्त्याभरापासून तूच मिरवून राह्यली हे बंदूक!”

“नाई आबा! म्या नाई पाडली. पंप मारता मारता...”

“पंप मारता मारता कोनाचा दस्ता मोडते का वं? सहा वर्सं झाली या बंदुकीले, आजपर्यंत काई झालं नाई. मॅडम, रविवारी बुलढान्याले हे पोरगी जानार नाई. नाव कापा!”

मॅडम म्हणाल्या, “आबा, आधी नीट पाहू तरी...”

“पाहाचं काय त्यात? डोये आहेत मले!”

झालं! आज गुरुवार होता आणि रविवारी बुलढाण्याला किशोरांची खुली नेमबाजी स्पर्धा होती. गावातून एकच नाव गेलं होतं, महामायेचं. तेच आता कापलं जाणार होतं.

मैदानाच्या कडेला ती बसून राहिली. उत्तरेला सातपुड्याची निळी रांग दिसत होती. त्या रांगेच्या पलीकडे, आणखी कितीतरी पलीकडे, तिचा प्रसेनजितदादा होता. तो केंद्रीय राखीव पोलीस दलात शिपाई होता आणि दोन वर्षांत एकदाच घरी आला होता. या गावात या बंदुकीवर पहिला नेम त्यानंच धरला होता. त्या वेळी महामाया सात वर्षांची होती आणि तिला बंदुकीला हात लावायला मनाई होती. मग दादानं तिच्या हातात एक तुराटी, तुरीची वाळकी काठी, दिली. “हे धर खांद्याले,” तो म्हणाला. “श्वास अर्धा सोड अन् थांब.” वर्षभर ती तुराटीनं नेम धरत होती, शेजारची म्हातारी तिला वेडी म्हणत होती आणि दादा मात्र गंभीर चेहर्‍यानं गुण मोजत होता.

मग एक दिवस खरी बंदूक हातात आली. दस्त्याला गाल टेकला की दादाच शेजारी बसलाय असं तिला वाटे. दादाचाही गाल तिथंच टेकायचा ना! दादाची इतकी आठवण तिला घरात कुठेच येत नसे, त्याच्या खाटेवरसुद्धा नाही. रविवारी तो मॅडमच्या मोबाइलवर फोन करणार होता. त्याला काय सांगायचं आता?

“रडून राह्यली का?” छकुलीनं शेजारी बसकण मारली. छकुली आबांची नात आणि महामायेची जिवलग मैत्रीण.

“नाई.”

“मंग नाक काऊन पुसून राह्यली?” गणेशनं विचारलं. अशा वेळी गप्प बसावं हे गणेशला ठाऊकच नव्हतं.

महामाया एकदम म्हणाली, “ऐका ना. एक गोष्ट आहे. दसर्‍यानंतर पयल्यांदा पंप मारला ना, तवापासून दस्ता कुरकुरून राह्यला. चौथ्या पंपाले हातात काहीतरी सरकल्यासारखं वाटे. म्या आबाले सांगतलं होतं.”

“मंग?”

“ते म्हने, बंदूक काय नवी आहे का? कुरकुरनारच!”

गणेशचे डोळे चमकले. “म्हंजे चीर आधीचीच आहे! कोनंतरी आधीच मोडली! चोर असन! रातचा कपाट फोडून...”

“अन् चोरानं दस्ता मोडून बंदूक परत ठेवली का बे, बावळटा?” छकुलीनं त्याला टपली मारली. “पन आधीची असन, तर ते पाहाले पायजे. बंदूक कुठं आहे?”

“मॅडमनं उकंडराव सुताराकडे धाडली. चला!”

तिघं सुटली ती थेट सुताराच्या कामठ्यावर, त्याच्या कामाच्या छपरीत. उकंडराव डोळ्यांवर चष्मा चढवून दस्ता उलटसुलट पाहत होते. मॅडमनी छर्रे आणि बाकीचं सामान शाळेत ठेवलं होतं, नळीही वेगळी काढली होती. इथं फक्त लाकूड होतं.

“काका, हे एका दणक्यात मोडलं का?” महामायेनं विचारलं.

पटाशीच्या टोकानं उकंडरावांनी चीर जराशी फाकवली आणि दस्ता उन्हात धरला. “या इकडे. पाहा. हे खालचं लाकूड कसं दिसते?”

“पांढरं. ताजं.”

“हे आजचं. अन् हे वरचं?”

“काळपट आहे. तेलकट.”

“हे जुनं. ही चीर दोनदा गेली पोरांनो. अर्धी आधी गेली, त्यात तेल मुरलं. तेलानं लाकूड काळं झालं म्हनून वरून कोनालेच दिसली नाई. अर्ध्या मानेवर पंपाचा ताण येत गेला अन् आज उरलेली अर्धी गेली.” त्यांनी चष्मा कपाळावर ढकलला. “लाकूड पडून मोडलं तर कुठंतरी मार दिसते. कोपरा चेपते. याले कुठं मार आहे? हे लाकूड पानी पिऊन फुगलं अन् कडक उन्हात झटक्यानं वाळलं. तसं वाळलं की फाटते.”

“पानी? बंदुकीले पानी कोन पाजते?” गणेश हसला.

महामाया मात्र वाकून चिरेत पाहत होती. काळ्या लाकडाच्या आत, अगदी खोल, लाल रेघ होती. तिनं काडीनं थोडं खरवडलं. काडीच्या टोकावर लाल पूड आली.

“हे काय आहे, काका?”

“कुंकू!” उकंडराव म्हणाले.

छकुली एकदम गप्प झाली. एरवी तिचं तोंड पाच मिनिटं बंद राहिलं तर लोक तिला ताप आलाय का म्हणून पाहायचे.

“छकुले, तुले माहीत आहे काही,” महामाया म्हणाली.

छकुली पायाच्या अंगठ्यानं भुसा उकरू लागली. “तू दसर्‍याले इथं नव्हती. तुम्ही सारे नागपूरले दीक्षाभूमीवर गेले होते. खंडेनवमीले आमच्या घरी सार्‍या अवजारांची पूजा असते ना. इळे, वखर, फवारणीचा पंप, ट्रॅक्टर. अष्टमीले आबानं सारं धुतलं. मोटार लावून, पाइपानं. अन् बंदूक पन धुतली. मंग पत्र्यावर वाळत टाकली, दिवसभर. दुसर्‍या दिवशी तेल चोपडलं अन् हळदी-कुंकू वाहिलं. म्या सोता झेंडूचा हार घातला बंदुकीले!” तिचे डोळे भरून आले. “माह्या आबानंच मोडली, महामाया.”

महामायेला आनंद व्हायला हवा होता, पण झाला नाही. छकुलीनं आजोबांविरुद्ध साक्ष द्यायची म्हणजे तिला घरात तोंड दाखवायला जागा उरायची नाही.

“तू काई नको सांगू,” महामाया म्हणाली. “आबालेच सांगू दे.”

“आबा सांगतीन?” गणेश किंचाळला. “आबा आन् चूक कबूल करतीन? सूर्य सातपुड्यातून उगवन त्या दिवशी!”

“चूक नाई बे. मोठेपना! मोठेपना सांगाले त्यायले लई आवडते.”

शुक्रवारी सकाळी मैदानावर सगळे जमले. मॅडमच्या सांगण्यावरून उकंडरावही दस्ता फडक्यात गुंडाळून आले होते. आबा खुर्चीवर बसले होते आणि चेहरा अजून तापलेलाच होता. गणेश अगदी गरीब गाय होऊन पुढे झाला.

“आबा, मॅडमनं आमाले बंदुकीच्या निगेवर निबंध लिहाले सांगतला. गावात तुमच्यावानी निगा कोन राखते? आमाले सांगा ना!”

आबांच्या मिशा फुलल्या. “लिहून घ्या मंग! हत्याराची सेवा कराले पायजे. सेवा! या खंडेनवमीलेच पाहा ना. गडी म्हने, राहू द्या मालक. म्या म्हटलं, नाई! म्या सोता धुतली. पाइप लावून अशी धुतली अशी धुतली, का नळीतून पानी आरपार!”

सारिका मॅडमच्या हातातली वही खाली पडली. “आबा! पाण्यानं? बंदूक?”

“मंग काय दुधानं? धुतली, अन् पत्र्यावर ठेवली. असं ऊन होतं! दिवसभरात कोरडीठाक! मंग तेल पाजलं, कुंकू वाह्यलं. अशी चमकून राह्यली होती का...”

“अन् हेच का ते कुंकू, भगवंतराव?” उकंडरावांनी फडकं सोडलं आणि चीर उन्हात धरली.

आबांनी पाहिलं. चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा पाहिलं. काळं लाकूड, त्यात मुरलेलं तेल आणि आत लाल कुंकू. दसर्‍याचं कुंकू कालच्या चिरेत कसं जाईल? आबांना एवढं समजायला कुणी सांगावं लागलं नाही.

“हे पोरगी मले म्हने का दस्ता कुरकुरते,” आबा हळूच म्हणाले. “म्या तिलेच हाकललं.” ते उठले आणि सगळ्यांसमोर महामायेपाशी आले. “चूक माही हाय, बाई. तुह्यावर उगाच आळ घेतला. मॅडम, नाव कापलं असन तर पुन्हा लिहा.”

“मी कापलंच नव्हतं, आबा,” मॅडम म्हणाल्या. “दस्ता मोडला तरी जिनं नळी बांधाकडेच ठेवली, ती मुलगी बंदूक आपटणार नाही, हे मला कालच कळलं होतं. पण माझ्याकडे पुरावा नव्हता. आणि शिबिराआधी मी दस्ता तपासला नाही, ही माझीही चूकच.”

आता प्रश्न एकच होता, रविवारचा. उकंडरावांनी चिरेत सरस भरला, आडवी बाभळीची खुंटी ठोकली आणि सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कचकचून आवळली. “सागवान दिसाले गोजिरं,” ते म्हणाले, “पन ताण सोसाले बाभूयच पायजे. उद्या संध्याकाळपर्यंत कोनी हात नाई लावायचा!”

शनिवारी संध्याकाळी त्यांनी पट्टी सोडली, दस्त्याची मान दोन्ही हातांनी पिळून पाहिली आणि समाधानानं डोकं हलवलं. मॅडमनी बंदूक जोडली आणि आधी स्वतः वीस वेळा चालवून पाहिली. मगच ती महामायेच्या हातात दिली.

रविवारी बुलढाण्याला आबा स्वतः जीप घेऊन आले. इतर मुलांच्या बंदुका नव्याकोर्‍या होत्या. महामायेच्या बंदुकीच्या मानेवर खुंटीचा गोल ठिपका होता आणि एकदोघं त्याला हसली. तिनं लक्ष दिलं नाही. पाच पंप मारले. दस्ता कुरकुरला नाही. तिनं गाल टेकवला, श्वास अर्धा सोडला आणि थांबली. पाच छर्रे, पन्नासपैकी पंचेचाळीस गुण. जिल्ह्यात दुसरा नंबर!

गणेशनं अशी आरोळी ठोकली की परीक्षकांनी त्याला बाहेर काढलं. छकुली नाचत होती. मॅडमनी महामायेला जवळ घेतलं. आबा भेटेल त्याला सांगत सुटले, “आमच्या गावची पोरगी हाय! नेम तर पक्काच, पन डोकं त्याहून पक्कं. मले सोताले पकडलं तिनं!” वाटेत खामगावला त्यांनी सगळ्यांना पोटभर जिलेबी खिलवली. सगळे तिचं कौतुक करत होते आणि ती हसत होती. पण तिचं अर्धं लक्ष मॅडमच्या मोबाइलकडे होतं.

जीप शेगावजवळ आली तेव्हा तो वाजला. दादाच होता! आवाज तुटत होता, मध्येच वारा येत होता. महामायेनं धडाधड सगळं सांगून टाकलं: चीर, कुंकू, बाभळीची खुंटी, पंचेचाळीस गुण. मध्येच फोन कटला असंच तिला वाटलं.

“दादा? आयकू येते का?”

“हाव. आयकून राह्यलो.” दादा म्हणाला. “म्या तिथं पायजे होतो वं.”

महामायेनं मोबाइल दोन्ही हातांनी कानाशी घट्ट धरला.

“हाव दादा,” ती म्हणाली. “पायजेच होता तू.”