बंद दाराला कुंकू

चैत्रातल्या पहिल्या शुक्रवारी आईने माझ्या हातात कुंकवाची कोयरी दिली आणि गल्लीत आमंत्रणं करायला पाठवलं. सुदामा नगरातल्या आमच्या गल्लीत मराठी घरं अकरा. प्रत्येक दारात म्हणायचं, संध्याकाळी चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला या. घर बंद असेल तर चौकटीला कुंकवाचं बोट लावायचं, म्हणजे निरोप पोचला. हे काम माझ्याकडे, कारण इंजिनिअरिंग सोडून आलेली मुलगी या घरात फुकटची असते. संहिताला काय काम आहे, पाठवा तिला.

निघताना स्वयंपाकघरात पाहिलं तर शारदाकाकू आंब्याची डाळ वाटत होती. बाबांच्या मोठ्या भावाची बायको. काका सहा वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून ती आमच्याकडे, मागच्या खोलीत. डाळ तिची, पन्हं तिचं, गौरीपुढची आरास तिची. पाच वाजले की मात्र ती मागच्या पायरीवर बसणार आणि बायका गेल्यावर भांडी घासायला उठणार. आमच्याकडे विधवेच्या हातची डाळ चालते, विधवा चालत नाही. आई हे कधी तोंडाने म्हणाली नाही. म्हणावंच लागलं नाही.

त्या रागातच मी ते केलं. अकरा घरं झाली, आणि परत येताना आमच्या भिंतीला लागून असलेल्या बंद घराच्या चौकटीलाही बोट लावलं.

ते अंबिकाबाईंचं घर. मानपुरची बाई. नवऱ्याचा हायवेवर ढाबा, तो आठ-आठ दिवस तिकडेच. नऊ वर्षं शेजारी राहिली, पण आईने तिला कधी बोलावलं नाही. ती मराठी नाही, आपल्यातली नाही, हेच कारण. दर चैत्रात ती हिरव्या बांगड्या भरून आपल्या ओट्यावर उभी राहून नटलेल्या बायका आमच्याकडे येताना बघायची. दोन वर्षांपूर्वी आमच्या हळदीकुंकवाच्याच दिवशी ती घरात पडली आणि मेली. कूलर चालू होता, त्यामुळे आत कुणीतरी आहे असंच सगळ्यांना वाटत राहिलं. दोन दिवस. मग नवरा आला, कुलूप लावलं, मीटरसुद्धा काढून नेला.

बेचाळीस डिग्रीत ती चौकट माझ्या बोटाला गार लागली. फ्रिजमधून काढल्यासारखी.

संध्याकाळी पुढची खोली भरली. पन्ह्याचा तांब्या आणायला मी आत गेले, हातात कोयरी तशीच. मागच्या पायरीवर काकूशेजारी कुणीतरी बसलं होतं. डोक्यावरून पदर, हातात हिरव्या बांगड्या, आणि ओल्या खसचा, वाळ्याचा वास. कूलरला नवीन खस बसवली की पहिल्या दिवशी येतो, तो वास.

"म्हारे भी बुलायो है…" ती माझ्याकडे न बघता म्हणाली. आवाज हळू. तक्रार नव्हती त्यात.

काकूने डाळीची वाटी तिच्यापुढे सरकवली. बाईने माझ्या हातातल्या कोयरीत बोट बुडवलं आणि काकूच्या कपाळाला लावलं. सहा वर्षांत त्या कपाळाला कुणी हात लावला नव्हता. काकू मागे सरकली नाही, तिने डोळे मिटले. मी त्या बांगड्या ओळखल्या. ओरडायला हवं होतं. मी पन्ह्याचा तांब्या उचलला आणि बाहेर गेले. इतकंच जमलं.

दुसऱ्या दिवसापासून काकू दुपारी दोन वाजता मागची बुटकी भिंत ओलांडून त्या बंद घरात जायला लागली. पाचला परत. जिना चढताना दोनदा थांबणारी बाई, भिंत ओलांडायची! बोटांना पाटीवरच्या लेखणीची पांढरी भुकटी असायची. मी विचारलं तेव्हा सरळ म्हणाली, "तिला लिहायला शिकायचंय गं. अनपढ राहिली बिचारी."

लग्नाआधी काकू मराठी शाळेत शिकवायची. काकांनी सोडायला लावलं.

"चाळीस वर्षांनी मला कुणी बाई म्हणतंय, संहिता," ती म्हणाली. मग हळूच, "तू पण येत जा. तुझी कॉलेजवाली अक्कल तिला चालेल." आणि हसली. मी तिला असं हसताना पहिल्यांदा पाहत होते.

एकदा भिंतीवरून डोकावले. खिडकीतून आत दिसत होतं. काकू फरशीवर बसलेली, समोर पाटी. तिचे दोन्ही हात स्वतःच्या मांडीवर. पाटीवर लेखणी करकरत होती. मध्येच थांबायची. काकू म्हणायची, "परत काढ." परत करकर.

रात्री काकू बाबांना म्हणाली की भाजीत मीठ जास्त वाटत असेल तर उद्यापासून स्वतः करून घ्या. मी जेवता जेवता खोकले. बाबांना मात्र आजार दिसला. त्यांनी तिला तुकोगंजला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हणाले, एकटेपणा आहे. बाबांनी एकटेपणावर इलाज केला. मागच्या दाराला जाळी बसवली आणि कुलूप घातलं.

आठ दिवसांत काकू संपत आली. गोळ्या घेऊन पडायची, वाटी भरलेलीच परत यायची. दुपारी दोन वाजले की पलीकडून भिंतीवर लेखणी ओढल्याचा आवाज यायचा. एक उभी रेघ. थांबून दुसरी. काकू भिंतीला तळवा लावून पडून राहायची. डोळ्यांतून पाणी.

मी आईला म्हटलं, कुलूप काढा, ती मरेल. आईने आधी लोक काय म्हणतील ते सांगितलं. भिंतीवर पुन्हा रेघ ओढली गेली, आणि आई पाटावर बसावं तशी जमिनीवर बसली.

"ती पडली त्या दिवशी हाक ऐकू आली होती मला," ती म्हणाली. "दोनदा… दीदी म्हणून. बायका बसल्या होत्या. हातात ओटीचं ताट होतं…"

बोलले असते तर काय बोलले असते, ते मला माहीत आहे. बाबांच्या पँटच्या खिशातून किल्ली काढली आणि जाळी उघडली. काकू भिंतीला धरून धरून उठली. दारात म्हणाली, "परत लावू नकोस. मला पाचला यायचंय."

पाचला आली. चेहऱ्यावर रंग होता. पोळी मागितली. म्हणाली, अक्षय्य तृतीयेला तिच्याकडे हळदीकुंकू आहे, आता तिला नावं लिहिता येतात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या चौकटीला कुंकवाचं एकच बोट होतं. खाली पांढऱ्या, वेड्यावाकड्या अक्षरांत एकच नाव. अमिता. माझ्या आईचं.

आईने ओल्या फडक्याने पुसलं. तिसऱ्या दिवशी परत. मग पुसणं सोडलं. मला म्हणाली, मी जाणार नाही, तू मला जाऊ देऊ नकोस. पहिल्यांदाच या घरात कुणीतरी माझ्याकडे काही मागितलं होतं.

अक्षय्य तृतीयेला बाबा ऑफिसच्या कामाने बाहेरगावी. आईने खोलीचं दार आतून लावलं. एकच दार, खिडकीला गज. मी बाहेर दाराला पाठ लावून बसले, एक वाजल्यापासून. मी झोपले नाही, शप्पथ. दोन वाजता काकू धुतलेलं पातळ नेसून गेली. पलीकडे कूलर सुरू झाला, तो ऐकत मी बसून होते. बांगड्या वाजत होत्या, बायकांचं हळू बोलणं येत होतं. आईच्या खोलीत काहीच आवाज नव्हता.

पाचला कूलर बंद पडला. काकू भिंतीवरून आली, माझ्याशेजारी टेकली.

"छान झालं," ती म्हणाली. "अमिता आधी लांब बसली होती… मग बसली तिच्याजवळ."

मी दार ठोठावलं. बऱ्याच वेळाने आतली कडी निघाली. आई साध्या घरच्या साडीत होती, झोपेतून उठल्यासारखी. म्हणाली, डोळा लागला होता. तिच्या कपाळावर कुंकू होतं, ओलं, नाकावर ओघळलेलं. पदराला गाठ होती. तिला ती दिसली नव्हती. मी सोडली.

आत मूठभर हरभरे निघाले, हळदीकुंकवाला ओटीत देतात तसे. गार, भिजलेले, मोड आलेले. आमच्याकडे त्या दिवशी हरभरे भिजवले नव्हते. आईने त्यातला एक उचलला आणि माझ्याकडे बघत, सावकाश, तोंडात टाकला.