एका फळीला एक लादी

हिरूने झाडूचा शेवटचा फटकारा मारला आणि सगळी धूळ उडून एका परक्या माणसाच्या पांढऱ्याशुभ्र लेंग्यावर जाऊन बसली.

आता यात तिची काय चूक, सांगा! कर्जतच्या पेठेत सकाळी सकाळी प्रत्येक दुकानदार आपल्या दारापुढचं झाडायचा आणि कचरा मोठ्या प्रेमाने शेजाऱ्याच्या दारात लोटायचा. शेजारी त्याच्या शेजाऱ्याच्या दारात. असं करत करत सगळा कचरा वरच्या अंगापासून निघून हिरूच्या दुकानाशी येऊन थांबायचा, कारण तिच्यापुढे दुकानच नव्हतं, नदीकडे उतरणारा रस्ता होता. उघडं गटारही तिच्याच उंबऱ्याशी येऊन तुंबायचं. साऱ्या पेठेची घाण झेलायची, आणि वर माणसं बघून झाडू मारायचा? छट्!

पण हा माणूस जागचा हलेना. लेंगा झटकायचंही त्याला सुचत नव्हतं. बोट पुढे करून, ओठ हलवत तो तिच्या दुकानाच्या फळ्या मोजत होता. ही गोष्ट साठ-बासष्ट सालची. तेव्हा शटर कुठलं आलंय! लाकडी फळ्या एकीला लागून एक खाचेत उभ्या केल्या की दुकान बंद, काढल्या की उघडं.

फळ्या मोजतोय म्हटल्यावर हिरूने झाडू खाली टाकला. हा दलाल तर नव्हे? गेल्या पावसाळ्यात गटाराचं पाणी दुकानात शिरून तांदळाच्या गोणी कुजल्या, तेव्हापासून तिच्या बापाने, चांगोने, एकच धोशा लावला होता. "औंदा पाणी शिरलं ना, तर इकून टाकतो दुकान आणि जातो शेलूला भावाकडं. तुझं पण उरकून टाकू." आई गेल्यापासून गल्ल्यावर हिरूच बसत होती. तांदळाचा वास, तराजूची किणकिण, गिऱ्हाइकांशी हुज्जत... तिचा जीव होता त्या दुकानावर.

"ओ! आमाला दुकान इकायचं नाय!" ती कमरेवर हात ठेवून म्हणाली.

"मला घ्यायचं पण नाय. नऊ... दहा... जरा बाजूला व्हा की. तुमच्यामागं एक फळी हाय."

"हाय तर हाय! तुमाला काय करायचंय?"

"अकरा," तो म्हणाला आणि हसला. हसताना त्याच्या उजव्या गालावर एवढीशी खळी पडली. हिरूने ती पाहिली, आणि आपण पाहिली म्हणून तिला स्वतःचाच राग आला.

त्याचं नाव सखा. वरच्या अंगाला लग्नावरातींना गॅसबत्त्या भाड्याने देणारे बुधाजी, त्यांचा हा मुलगा. चार वर्षं चौक गावच्या गॅरेजात काम करून नुकताच परतला होता. पेठेतल्या व्यापाऱ्यांनी मिळून मंडळ काढलं होतं आणि त्याचा चिटणीस हा.

"म्हातारे सगळे अध्यक्ष व्हायला तयार होते," तो म्हणाला, "चिटणीस व्हायला कोणी नाय. मग सापडलो मी."

बेत साधा होता. दर महिन्याला फळीमागे चार आणे वर्गणी. मोठं दुकान, जास्त फळ्या, म्हणून जास्त वर्गणी. त्यातून पेठ झाडायला दोन माणसं, कोपऱ्याकोपऱ्यावर दिवे, आणि पावसाआधी वरपासून खालपर्यंत गटार उपसून त्यावर दगडी लाद्या.

"म्हणजे गटार तुंबणार नाय?" हिरूने विचारलं.

"नाय."

"दुकानात पाणी शिरणार नाय?"

"मंडळ चाललं तर नाय शिरणार."

"मग चालवा!" ती म्हणाली. "आणि तो लेंगा झटका. धूळ आमची हाय, घरी कुठं घेऊन चालला?"

वर्गणी मागायला महिन्यातून एकदा आलं तरी चालतं. सखा आठवड्यातून तीनदा यायचा. कधी गटाराची खोली बघायची असायची, कधी दिव्याच्या खांबाची जागा. हिरू मुद्दाम त्याला ताटकळत ठेवायची. एखाद्या म्हातारीला पायलीभर तांदूळ घालताना उगाच चार गोष्टी जास्त बोलायची. तो शांतपणे गोणीवर बसून तिच्या पोत्यातले फुटाणे खायचा.

"चिटणीस, फुटाण्यांचे पैसे?"

"मंडळाच्या कामासाठी खातोय. ताकद लागते."

"मोजायला?"

"मोजायला नाय... तुमच्याशी बोलायला."

असं काही बोलला की तो स्वतःच गडबडायचा आणि वरच्या अंगाला चालू पडायचा. मग हिरू तराजूचं रिकामं पारडंच तेवढं पुसत बसायची. मनातून तिला केवढा आनंद व्हायचा!

फाल्गुन सरता सरता ती मामेबहिणीच्या लग्नाला जवळच्या कोंडाणे गावाला गेली. हळद, मांडव, वरात, सगळं उरकून परतली, तर पेठेत काहीतरी बिनसलं होतं. मंडळाची माणसं अर्धीच पेठ झाडून निघून जात होती. दुपारी सखा आला. आज तो गोणीवर बसला नाही, फुटाण्यांना हातही लावला नाही. नुसता दुकानाच्या कडेला रचून ठेवलेल्या फळ्यांकडे बघत राहिला.

"सहा," तो म्हणाला.

"सहा कशा? अकरा हायत."

"मोजा."

हिरूने मोजल्या. सहा! दोन दोन फळ्या शेजारी ठेवून त्यांना मागून आडव्या पट्ट्या ठोकल्या होत्या. दोहोंची एक. अकरातली शेवटची तेवढी एकटी राहिली होती.

"तुमी पण?" सखा म्हणाला. दोनच शब्द. आणि त्याने तोंड फिरवलं.

चांगो आत मापं पुसायचं सोंग करत होता. "सगळ्यांनी केलं म्हणून मी केलं!" तो आतूनच ओरडला. "धोंडीशेठनं तर चौदाच्या सात केल्या! मंडळाचा अध्यक्ष तो! मी एकटाच खुळा का?"

हिरूच्या अंगाचा तिळपापड झाला. बापाचा राग आला, साऱ्या पेठेचा आला. पण खरं सांगायचं तर, सगळ्यात जास्त लागलं ते सख्याने तोंड फिरवलं त्याचं. तिने पदर खोचला, कोपऱ्यातली पहार उचलली आणि पहिल्याच जोडफळीच्या पट्टीखाली घातली. कर्र... पट्टी उचकटली.

"हिरू! फळी फुटंल गं!"

"फुटू दे! कुजक्या गोणी उपसताना तुमी रडत होता बाबा, इसरला? ते गटार झाकायला मंडळ निघालं आणि तुमी त्यालाच पट्ट्या ठोकता?"

समोरचा शिंपी मशीन थांबवून बघू लागला. येणारेजाणारे थबकले. हिरूने पाचही पट्ट्या उखडल्या, फळ्या ओळीने उभ्या केल्या आणि घामेजल्या चेहऱ्याने वळली.

"अकरा! मोजा, चिटणीस."

सखा फळ्या मोजत नव्हता. तो तिच्याकडे बघत होता, अगदी टक लावून, आणि आपण बघतोय हे लपवायचंही विसरला होता.

"मोजल्या का?"

"मोजल्या..." तो भानावर आला. "पण तुमच्या अकरानं काय होणार? बाकी बहुतेकांनी तर निम्म्या केल्या. पैसाच नाय. उद्या मारुतीच्या देवळात बैठक हाय, मंडळ बंद करायला."

"मी येणार."

"बैठकीला? तिथं आजपर्यंत बाईमाणूस कोणी..."

"बाई म्हणून येत नाय मी. अकरा फळ्या म्हणून येते."

आणि आली! देवळाच्या ओसरीवर पेठेतले यच्चयावत दुकानदार बसले होते. मधोमध धोंडीशेठ कापडवाले, पान चघळत. हिरू खांबाशी उभी राहिली. आवाज तिने चढाच ठेवला.

"शेठ, तुमच्या फळ्या किती?"

"सात," शेठ पापणी न लववता म्हणाले.

"बरं. सातच सही. माझं इतकंच म्हणणं हाय, एका फळीला एक लादी. ज्यानं जितक्या फळ्यांची वर्गणी दिली, त्याच्या दारात तितक्याच लाद्या. शेठच्या दारात सात."

"आणि बाकीचं गटार?"

"ते उघडं राहील. जिथं फळीच नाय, तिथं लादी कुठली?"

ओसरीवर खसखस पिकली. शेठ लाल झाले. "ठेवा उघडं! माझं काय अडत नाय!"

सखा लगेच उठला. "ठरलं तर मग. काम खालच्या अंगापासून सुरू करू. आधी पाण्याला वाट मोकळी, मग लाद्या." बोलताना तो सगळ्यांकडे बघत होता. हिरूकडे नाही. पण त्याच्या गालावरची खळी काही लपली नाही.

वैशाखात गटार उपसून झालं आणि लाद्या बसल्या. कुणाच्या दारात पुऱ्या, कुणाच्या अर्ध्या. लग्नसराई भरात होती. मोतीबाई नावाच्या एक दांडग्या बाई सारं वऱ्हाड घेऊन धोंडीशेठकडे बस्ता बांधायला आल्या. शालूचा रंग उजेडात बघायला म्हणून शालू धरून त्या दाराबाहेर मागे सरकल्या, एक पाऊल, दुसरं पाऊल... आणि तिसरं थेट गटारात! गुडघ्यापर्यंत!

"शेठ, बस्ता बांधायला बोलावलंत का बुडवायला?" मोतीबाईंचा आवाज पार स्टेशनापर्यंत गेला. निथळत्या पायाने त्या समोरच्या कापडदुकानात शिरल्या, सारं वऱ्हाड त्यांच्यामागून. समोरच्याने पट्ट्या ठोकल्याच नव्हत्या, त्यामुळे त्याच्या दारात लाद्या पुऱ्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पेठेत जिकडेतिकडे एकच आवाज. कर्र... कर्र... ज्या सुताराने पट्ट्या ठोकायचे पैसे घेतले, त्यानेच उचकटायचेही घेतले. बिचारा गालातल्या गालात हसत होता. मंडळाची वर्गणी पुरी जमली आणि आषाढ लागायच्या आत शेवटची लादी बसली.

मग पाऊस लागला तो लागलाच. चांगो दिवसभर उंबऱ्यावर बसून गटाराकडे डोळे लावून होता. पाणी लाद्यांखालून खळखळत नदीकडे धावत होतं. आत एक थेंब आला नाही. संध्याकाळी तो उठला, आळस दिला आणि म्हणाला, "ऱ्हायलं बाई तुझं दुकान." हिरूला रडूच आलं. पण मागोमाग तो बोलला, "तुझ्या काकानं शेलूचं स्थळ आणलंय. बेस्तरवारी बघायला येणार. तू गेल्यावर मी एकटा कुठवर चालवू? तवाचं तवा बघू."

म्हणजे पाण्यातून वाचलेलं दुकान लग्नात जाणार! हिरू त्या दिवशी जेवली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी सखा आला, छत्री असून नखशिखान्त भिजलेला. चांगो मागे गोणींवर आडवा झाला होता. पागोळ्यांच्या पडद्याआड पेठ धूसर दिसत होती.

"मंडळाचा निरोप हाय," तो म्हणाला. "पुढच्या वर्षीच्या कमिटीत तुमचं नाव घातलंय. धोंडीशेठनीच सुचवलं."

"पुढच्या वर्षी मी इथं असले तर. शेलूचं स्थळ आलंय मला."

सख्याच्या हातातली छत्री खाली आली. त्याने ती भिंतीला टेकवली. बाहेर बघितलं, छत्रीकडे बघितलं...

"चिटणीस," हिरू म्हणाली, "मंडळाचं सांगून झालं. तुमचं काय म्हणणं?"

"माझं... म्हणजे..."

"आता वेळ नाय हो त्याला! बरं, मीच बोलते. मला तुमी आवडता. लय आवडता. दिवसभर वरच्या अंगाला बघून मान दुखते माझी. झालं, बोलले. आता तुमी हो म्हणा नायतर नाय म्हणा, पण म्हणा काहीतरी."

पागोळ्या टपटपत होत्या. सखा एक पाऊल पुढे आला. आवाज इतका हळू, की तिला वाकून ऐकावं लागलं.

"तू पहार घेतलीस ना हिरू, त्याच दिवशी मी हो म्हटलं होतं. बोलायला जीभ वळेना."

तू! पहिल्यांदाच तो तिला तू म्हणाला. तिच्या कानाच्या पाळ्या गरम झाल्या.

"आणि लग्न झालं की हिनं काय करायचं?" गोणींवरून आवाज आला. दोघं दचकली. चांगो कधीचा जागा होता, देव जाणे! "तुझ्या बत्त्या पुसायच्या?"

"नाय काका." सखा आता बिचकला नाही. "दुकान हिचंच. गल्ल्यावर हीच बसणार. मी हिला तिथं बसलेलं बघितलं आणि तिथंच आवडली मला. तिथून उठवून घरी नेली, तर मग मी केलं काय?"

चांगो उठून बसला. त्याने सख्याकडे बघितलं, मग पोरीकडे. त्याच्या कमरेच्या करगोट्याला गल्ल्याची किल्ली बांधलेली होती. बापाने ती आजवर कुणाच्या हाती दिली नव्हती. हिरू गल्ल्यावर बसायची, पण गल्ला उघडायला दर वेळी बापाला हाक मारायची. त्याने गाठ सोडली आणि किल्ली तिच्या तळहातावर ठेवली.

"तुझीच हाय, ठेव. शेलूला मी नको म्हणून कळवतो. येत्या आयतवारी जातो बुधाजीकडं, रीतसर बोलणी करायला."

हिरूच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. ते तिने पुसलंही नाही. किल्ली पदराच्या टोकाला घट्ट बांधली, दोनदा ओढून बघितली आणि म्हणाली,

"आयतवारी नको बाबा, आयतवारी बाजार असतो. दुकान सोडून तुमाला हलता यायचं नाय. उद्याच जा!"