बोगद्यात धरलेला हात

बसा. दिवा जरा जवळ घेतो, या तळघरात भर दुपारीही अंधारच असतो. वासाचं काही मनावर घेऊ नका. आमच्या या बेल्जियममधल्या एर्व गावचं चीज असंच. एकाच्या घरात उघडलं की अख्ख्या गल्लीला कळतं. आजोबांपासून आमचा हाच उद्योग. चीजच्या विटा रोज मिठाच्या पाण्यानं पुसायच्या, उलटायच्या, परत फळीवर ठेवायच्या. वास हातात मुरतो आणि मग जात नाही. बायको होती तोवर लिंबू चोळायची, शेवटी तिनंही नाद सोडला.

गेल्या नोव्हेंबरात मी लंडनला निघालो होतो. काम अगदी साधं. माझी एकुलती एक लेक ऑदिल तिकडं एका मोठ्या वकिली कचेरीत आहे. तिनं घर घेतलं होतं, आणि बाबा, तू बघायला आलंच पाहिजेस म्हणून मागे लागली होती. ऑफिसच्या कामासाठी ब्रसेल्सला आली होती, तेव्हा परत जाताना मला बरोबर घेऊन जाणार, असं ठरलं.

ब्रसेल्सच्या स्टेशनावरच पासपोर्ट तपासतात. काचेआडच्या इंग्रज पोरानं विचारलं, "कशासाठी जाताय?"

"लेकीचं घर बघायला," मी म्हणालो. जरा मोठ्यानंच म्हणालो.

"किती दिवस राहणार?"

"ती हाकलून देईपर्यंत."

पोरगा हसला. ऑदिलनं माझी बाही ओढली. "बाबा, इथं चेष्टा नको करूस. आत टाकतील."

"टाकू देत. वकील आहे की घरची."

तीही हसली. ते हसू मला अजून आठवतं, कारण त्यानंतर बराच काळ ते दिसलं नाही.

तिकिटं उशिरा काढल्यामुळं आम्हाला शेजारच्या जागा मिळाल्या नव्हत्या. डबा एकच, पण मध्ये येण्याजाण्याची वाट. वाटेच्या पलीकडं ऑदिल, अलीकडं मी. माझ्या उजवीकडं खिडकीची जागा होती, ती रिकामीच होती. बरं झालं, म्हटलं, पिशवी पायाशी ठेवून जरा ऐसपैस बसता येईल.

गाडी सुटायच्या बेतात असताना एक उंच, पांढऱ्या केसांचा गृहस्थ घाईनं आत आला आणि ऑदिलकडं बघून एकदम खूश झाला. हे तिचे मोठे साहेब, लँगफर्ड. ते दुसऱ्या दिवशी निघणार होते, पण काम लवकर उरकलं. "चला, सोबत झाली!" म्हणत ते तिच्या शेजारी बसले. ऑदिलचा चेहरा खर्रकन उतरला. तिनं माझ्याकडं बघितलं आणि डोळ्यांनी काहीतरी सांगितलं. मी भोळा सांब. मला वाटलं, ओळख करून द्यायला ती योग्य वेळ शोधतेय. मी खिशातला कंगवा काढून केस बसवले, कोटाची वरची गुंडी लावली आणि वाट बघत राहिलो.

गाडी अशी पळत होती की शेतं नुसती पुसली जात होती. लिल आलं, लिल गेलं. ओळख काही होईना. ते दोघं कामाचं बोलत होते. मी मधूनमधून हसून बघायचो. साहेबांची नजर एकदोनदा माझ्याकडं वळली आणि परत गेली.

आमच्याकडं एक रीत आहे. प्रवासात शिदोरी सोडली की पहिला तुकडा शेजारच्या परक्या माणसाला द्यायचा, मग आपण खायचं. आजवर या रितीनं माझ्या कितीतरी ओळखी जुळल्या होत्या. म्हटलं, पोरगी लाजतेय, आपणच वाट काढू. मी पिशवीतून पाव काढला, नाशपातीच्या पाकाची बरणी काढली, आणि चीजचा कागद उलगडला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना, ते हे.

बंद डबा. खिडक्या उघडत नाहीत. पुढच्या रांगेतल्या बाईनं नाकाला रुमाल लावला, मागून कुणीतरी "देवा रे" म्हणालं. मी मात्र पावाचा तुकडा नीट माखून, वाटेच्या पलीकडं हात करून साहेबांपुढं धरला. "घ्या, घरचं आहे."

साहेब मागं सरकले. माणूस सभ्य होता, तोंड वाकडं केलं नाही. नुसतेच ऑदिलकडं वळून इंग्रजीत हळू म्हणाले, "हा म्हातारा मघापासून तुझ्याकडं बघतोय. ओळखीचा आहे का तुझ्या?"

ऑदिल म्हणाली, "नाही. मी नाही ओळखत."

दुकानात इंग्रज गिऱ्हाईक येतं, त्यामुळं विकण्यापुरतं इंग्रजी मला येतं. आणि 'नाही' कळायला तर तेवढंही लागत नाही.

माझा हात तसाच अधांतरी. तो मागं घेतला. "माफ करा, मॅडम," मी माझ्या लेकीला म्हणालो. "तुम्हाला त्रास झाला."

तिनं खिडकीबाहेर बघितलं.

मला राग यायला हवा होता. तुम्हाला आला असता. मला लाज वाटली. कोटाची वाटली, पायाशी ठेवलेल्या पिशवीची वाटली, सगळ्यात जास्त हातांची वाटली. शाळेत असतानाच तिनं फाटकाशी माझा हात धरायचं सोडलं होतं. थंडी वाजते म्हणून आपले हात खिशात घालायची. तेव्हा मी उगीच समजूत घातली होती स्वतःची. आता त्या पोरीला सगळ्या डब्यासमोर खोटं बोलावं लागलं, ते कुणामुळं? मी चीज गुंडाळून पिशवीच्या तळाशी कोंबलं. दोन्ही हात मांडीखाली दाबून बसलो, शिक्षा झालेल्या पोरासारखा.

मग बोगदा आला.

कानांत दडे बसले. खिडकीची काच काळी झाली आणि तिच्यात मी दिसू लागलो, अलीकडं माझ्या शेजारची रिकामी जागा. डोक्यावर समुद्र आहे हा विचार मी मुद्दाम करत नव्हतो. डोळे मिटून घेतले. थोड्या वेळानं उघडले तर डब्याच्या टोकाचे दिवे मंद होत होते. एकेक रांग विझत विझत माझ्याकडं येत होती. शेवटी माझ्या डोक्यावरचा दिवाही गेला.

अंधार. असा, की हात डोळ्यांसमोर धरला तरी दिसू नये. गाडीचा आवाजही नाहीसा झाला होता. ओल्या विटांचा, खाऱ्या पाण्याचा वास यायला लागला. माझ्या तळघराचा वास, पण फार जुना, कुणी कधी न उघडलेल्या तळघराचा. आणि एवढ्या मोठ्या डब्यात कुणी हूं की चूं करेना. फक्त डावीकडून, वाटेच्या पलीकडून, ऑदिलचं बोलणं ऐकू येत होतं. ती साहेबांना काहीतरी सांगत होती. शांतपणे. जणू दिवे चालूच आहेत.

उजवीकडं, रिकाम्या जागेवर, कुणीतरी बसलं. गादी दबल्याचं मला मांडीला जाणवलं.

मग माझ्या मांडीखाली एक हात शिरला. लहान. गार. मिठाच्या पाण्यातून नुकताच काढलेला असावा असा ओला. त्यानं माझा उजवा हात शोधला, बाहेर ओढला, आणि बोटांत बोटं घालून घट्ट धरला.

"बाबा…?"

आवाज ऑदिलचा होता. आठ-नऊ वर्षांच्या ऑदिलचा.

इथं मला तुमच्याशी खोटं बोलता येणार नाही. मी फसलो नव्हतो. माझी लेक डावीकडं बसून बोलत होती, तिचा आवाज माझ्या कानात होता. ही ती नाही, हे मला पुरतं कळत होतं. पण त्या हाताला माझ्या हाताचा वास खुपत नव्हता. तो हात मला सोडत नव्हता…

"बाबा… तूच ना?"

"हो गं," मी म्हणालो. "मीच."

दिवे आले. बाहेर इंग्लंडचं राखी ऊन, मेंढ्या, कुंपणं. शेजारची जागा रिकामी. पण गादीवर खोलगट दाब होता, आणि माझ्या उजव्या हाताची बोटं मिटत नव्हती. त्यांच्यामध्ये दुसरी बोटं होती.

लंडनला ऑदिल साहेबांबरोबर पुढं गेली, मी मागून चालत राहिलो, परक्यानं चालावं एवढं अंतर ठेवून. साहेब टॅक्सीत बसल्यावर ती धावत परत आली. डोळे लाल. "बाबा… चल, घरी जाऊ."

"दिवे गेले तेव्हा घाबरलीस का?" मी विचारलं.

"कुठले दिवे? कुठं गेले दिवे?"

तिनं पिशवी घ्यायला हात पुढं केला, तेव्हा मी उजवा हात घाईनं खिशात घातला. तिला वाटलं मी रुसलोय. तिचं घर छान होतं, स्वयंपाकघरात ऊन येत होतं. मी सगळं छान म्हणत फिरलो. झाल्या गोष्टीबद्दल ना ती बोलली, ना मी. ठरल्यापेक्षा लवकर परत निघालो.

घरी आल्यावर, सांगायलाही लाज वाटते, सुरुवातीला मला बरं वाटलं. बायको गेल्यापासून या घरात मला कुणी हाक मारली नव्हती. आता मी डाव्या हातानं चीज पुसायचो, उजवा कुणीतरी धरलेला. चर्चला जाताना धरलेला, जेवताना धरलेला. मधूनच "बाबा?" अशी हाक यायची, आणि मी "हो गं" म्हटलं की बोटं जरा सैलावायची. म्हटलं नाही तर दाबायची. दिवसेंदिवस जास्त दाबायची. ऑदिलचा फोन वाजला की इतकी, की माझ्या नखांखाली रक्त साकळायचं. मी फोन वाजू द्यायचो. तो थांबला की हात मऊ पडायचा. लेकीचे किती फोन असे वाजून गेले, मी मोजले नाहीत.

ख्रिसमसच्या आधी ती न सांगता आली. दारात उभी, हातात माझ्यासाठी आणलेला मफलर. आत आली, कोटही काढला नाही, थेट स्वयंपाकाच्या टेबलाशी माझ्यासमोर बसली.

"बाबा, मी ऑफिसात सांगितलं होतं की माझे वडील नोटरी आहेत, वकिलांतलेच बडे. नवीन होते तेव्हा. मग ते खोटं ओढतच गेले. आता साहेबांना सगळं खरं सांगितलंय मी. म्हटलं, ज्यांना मी ओळखत नाही म्हणाले ना, ते माझे बाबा."

"काय म्हणाले ते?"

"म्हणाले, तो तुकडा मी खायला हवा होता." ती हसायला गेली आणि रडायलाच लागली. "तू फोन का नाही उचलत? चार शिव्या दे ना मला. मॅडम काय म्हणालास तू मला? बापानं असं म्हणायचं असतं का…"

उठून तिला जवळ घ्यावं असं फार वाटलं. पण उजवा हात टेबलाखाली कुणीतरी जखडून धरला होता, हाडं करकरत होती. "ऑदिल," मी म्हणालो, "झालं गेलं… तू आता जा, बाळ."

"नाही जाणार. हात दे तुझा."

मी डावा दिला. तिनं तो बाजूला सारला, टेबलाखाली हात घातला आणि माझा उजवा हात पकडला. इतक्या वर्षांनी. आपण होऊन.

आणि थांबली.

तिचा अंगठा माझ्या बोटांवरून हळूहळू फिरला. मग पुढच्या बोटांवरून, जी माझी नव्हती.

"बाबा…" ती अगदी हळू म्हणाली. "हे कोण आहे?"

काय सांगणार होतो मी? की तू परकं केलंस तेव्हा मी अंधारातल्या कुणाला तरी लेक म्हणून घेतलं? की तू फोन करत होतीस आणि मी हिची मर्जी राखत बसलो होतो? माझी मान खाली गेली. तोंडातून जे निघालं ते लाजेनं निघालं.

"कुणी नाही. मी नाही ओळखत."

हात सुटला. त्या आगगाडीनंतर पहिल्यांदा माझा हात माझा एकट्याचा झाला. तो वर घेऊन मी बघतच राहिलो, आनंदानं म्हणा की भीतीनं.

"बाबा," ऑदिल म्हणाली, "तिनं आता माझा धरलाय."

मी खुर्ची उलटी पाडून उठलो. "सोड तिला!" ओरडलो. कुणाला ओरडत होतो? हाक मारायची तर नाव हवं, आणि मी तिचं नाव कधी विचारलंच नव्हतं. "ऑदिल, ऐक माझं… ती काहीतरी विचारेल. हो म्हणू नकोस. काही झालं तरी हो म्हणू…"

ऑदिल माझं ऐकत नव्हती. तिनं मान वळवून बाजूला, जरा खाली, बघितलं. लहान मुलाचं तोंड असावं तेवढ्या उंचीवर. मला काहीच ऐकू आलं नाही. पण माझ्या पोरीच्या चेहऱ्यावरचे अश्रू तसेच थांबले, आणि कपाळावरची आठी गेली.

"हो गं," ती म्हणाली. "इथंच आहे मी, तुझी आई."