निजपाण्यातला बेटा

कुमुदच्या मुलीचं बारसं झालं, त्याच वर्षी निजपाणी माणसांसाठी खुलं झालं. माशांसाठी ते आधीपासून होतं. त्या पाण्यात ठेवलेल्या जिवाच्या पेशी बर्फात फुटतात तशा फुटत नसत, नुसत्या थबकून राहत; साध्या पाण्यात आणलं की जीव पुन्हा हलू लागे. इचलकरंजीच्या बाजारात मासे बियाण्यासारखे पाकिटातून मिळू लागले होते. घरी त्यांची वीण घ्यायची कुणाला गरज उरली नव्हती.

रंगराव भोरे आणि द्वारकाबाईंनी ती आयुष्यात पहिल्यांदा घ्यायचं ठरवलं, तेही साठी उलटल्यावर. मागावरच्या सुताच्या कस्पटानं द्वारकाबाईंची फुप्फुसं भरत आली होती. नवी फुप्फुसं वाढवण्याचं तंत्र तयार व्हायला दहा-बारा वर्षं लागणार होती. तोवर आईला निजपाण्यात ठेवू, असं लेक कुमुद म्हणत होती. ती निजकेंद्रातच कामाला होती.

"उठल्यावर मला काय आठवंल?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"सगळं आठवेल, आई."

"तू झोपून आलीस व्हय? आधी पोरं सांभाळणारा मासा झोपव. उठून पोरांकडं गेला तर मी जाते. पोरं खाल्ली तर मी हाय तिथंच बरी."

कुमुदनं बेटा जातीच्या माशाची जोडी आणली. दुकानात त्याला फायटर म्हणतात. नर गर्द निळा, मादी फिकट. रंगरावांनी टाकीत चार बोटं पाणी घेतलं, बदामाचं वाळकं पान सोडलं. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. मादी आधी काचेच्या बरणीतून नराला दाखवली. त्यानं पानाखाली तोंडानं बुडबुडे सोडत फेसाचं घरटं बांधलं. मग मादीला आत सोडलं. तो तिला कवेत घेई, खसखशीसारखी अंडी गळत, आणि तो एकेक तोंडात धरून फेसात चिकटवून येई.

"आता मादीला काढा, आप्पा. नाहीतर तो तिचे पंख फाडेल."

"म्हणजे माहेरी धाडायची," रंगराव बरणी उचलत म्हणाले.

द्वारकाबाई हसल्या, मग बराच वेळ खोकत राहिल्या. "नाव बेटा, आणि काम करतोय बापाचं. तुम्ही कधी एक लंगोट बदलला न्हाई."

कुमुद नराला निजपाण्यात घालून केंद्रात घेऊन गेली. दिवसभर त्याच्या जागी रंगराव बसले, हातात ड्रॉपर घेऊन. अंडं खाली पडलं की उचलायचं आणि फेसात सोडायचं.

"डावीकडचं पडलं बघा," खाटेवरून द्वारकाबाई सांगत.

"दिसलंय."

"दिसतं, पर उशिरा. माहेराहून न्यायला तरी कधी येळंवर आला? शिरोळच्या स्टँडवर मी ट्रंकेवर बसून असायची. एसट्या यायच्या, जायच्या, तुम्ही दुसऱ्या दिवशी उगवायचा."

"माग बंद ठिवून कसा येणार? पर येताना खारे दाणे आणायचो."

"आणायचा," त्या म्हणाल्या. "गरम असायचे."

दुसऱ्या दिवशी कुमुद परत आली. वाडग्यातल्या साध्या पाण्यात आधी नराचा कल्ला हलला, मग शेपूट. त्याला टाकीत सोडलं. तो एका कोपऱ्यात नुसता तरंगत राहिला. तेवढ्यात फेसातून एक अंडं सुटलं. नर झेपावला. अंडं तोंडात गेलं, तोंड मिटलं.

रंगरावांनी ड्रॉपर खाली ठेवला.

नर सावकाश वर आला आणि त्यानं ते अंडं फेसात नेऊन चिकटवलं. मग दुसरं शोधायला वळला.

"ट्रंक खाली काढा," द्वारकाबाई म्हणाल्या.

केंद्राच्या दारात त्यांनी नवऱ्याच्या सदऱ्याचं वरचं बटण लावलं. "माहेरी चालले समजा. न्यायला उशीर करू नका."

"ह्या टायमाला तुझ्या आधी येऊन बसतो. दाणे घिऊन."

नवी फुप्फुसं आता तयार आहेत. पुढच्या महिन्यात द्वारकाबाईंना उठवायचं आहे. कुमुदला खात्री आहे की आईला सगळं आठवेल. डोळे उघडले की ती आधी दाराकडे बघेल. तेव्हा कुमुदनं काय सांगायचं?

रंगराव भोरे, नात सहावीत गेली त्या वर्षी, श्रावणातल्या दुसऱ्या सोमवारी वारले.