खोडायचं नाही

लाइट गेलीच आहे, तर बसा जरा. जनरेटर माझ्यासारखाच म्हातारा आहे, हाक मारली की लगेच उठणाऱ्यातला नाही. तोवर एक सांगतो. ऐकीव नाही बरं का. ज्या बाईंच्या हाताखाली तुम्ही सगळे ड्रॉइंगं काढता, त्यांच्याच बाबतीत घडलेलं आहे. त्यांच्यासमोर मात्र चकार शब्द काढायचा नाही.

गेल्या वर्षीचा नोव्हेंबर, दुसरा शनिवार. दिवेलागणीला बाई लॅपटॉप काखेत घेऊन दुरुस्तीला टाकायला निघाल्या. तेव्हा त्यांना बाई कुणी म्हणत नव्हतं. आपल्या जुन्या साहेबांची मुलगी, एवढीच ओळख.

साहेबांना अर्धांगाचा झटका आला होता. तेव्हापासून हात मुलीचा आणि सही साहेबांची, असं सहा वर्षं चाललं. ती काम करायची, ते मागे खुर्चीत बसून बघायचे. जीभ जड झालेली. म्हणून बोटाच्या पेरानं टेबलावर ठोकायचे. एकदा टक, म्हणजे ठीक. दोनदा टक, म्हणजे खोड.

"आणि तीनदा, काका?"

तीनदा म्हणजे चहा. मधे तोंड घालू नकोस.

मग शाळेच्या इमारतीचं काम आलं. मुलीनं मधोमध एक रुंद जिना काढला. नुसता चढायचा नव्हे. पोरांनी पायऱ्यांवर बसून डबा खावा, भांडावं, गृहपाठ उरकावा, असा. साहेबांनी दोन टक दिले. जागा वाया जाते. तिनं खोडला, रात्री परत काढला. सकाळी परत दोन टक. शेवटी तिनं त्या जिन्याची वेगळी फाइल केली आणि कोपऱ्यात, आयुष्यात पहिल्यांदा, स्वतःचं नाव टाकलं. साहेबांनी ते पाहिलं. ठोकलं नाही. लॅपटॉप मिटला आणि त्यावर तळवा ठेवून बसून राहिले. पुढच्याच आठवड्यात गेले.

रडायलाही सवड मिळाली नाही पोरीला. सोमवारी शाळेच्या मंडळींपुढे आराखडा ठेवायचा होता, नाहीतर काम दुसऱ्याकडे जाणार. आणि शनिवारी लॅपटॉप म्हणतो, हार्ड डिस्क सापडत नाही.

"बॅकअप नव्हता?"

आपल्या रेघा घराबाहेर जायच्या नाहीत, हा साहेबांचा नियम. आणि तू कोण विचारणारा? तुझ्या ड्रॉइंगांचा आहे का बॅकअप?

दुरुस्तीवाल्याला सगळा बाजार चिमटा म्हणतो. खिशात पेनाऐवजी चिमटा असतो त्याच्या. त्यानं डिस्क काढली, आपल्या मशीनला जोडली, कान लावला.

"ताई, ही तर ओळखच दाखवत नाही. लग्नात उधारी मागणारा समोर आला की यजमान करतो, तसं करतेय."

"झाकण उघडून बघा ना, भाऊ."

"झाकण उघडलं की संपलं. धुळीचा एक कण आत गेला तरी चकती खरवडते. मी कधी उघडत नाही."

वायर बदलली, डिस्क आडवी ठेवली, उभी ठेवली. दुकानांची शटरं पडली. तिनं घरी आईला फोन करून सांगितलं, जेवून घे, वाट बघू नकोस. साडेअकराच्या सुमाराला डिस्क एकदम दिसली. चिमटा हरखला. एकेक फोल्डर दुसऱ्या डिस्कवर उतरवायला लागला. जुने बंगले आले, गोदामं आली, दवाखाना आला. सगळ्यांवर साहेबांचं नाव. सगळं सुतासारखं सरळ.

मग शाळेचा फोल्डर आला.

टक. टक.

डिस्क गायब.

"काटा अडखळला," चिमटा म्हणाला. "आत वाचणारा काटा असतो. डिस्क मरायला टेकली की तो टकटक करतो."

"दोनदाच करतो?"

"करतच सुटतो खरं तर," तो म्हणाला.

परत जोडली. बंगले दिसले, गोदामं दिसली. शाळेवर बोट ठेवलं…

टक. टक.

तिचा चेहरा बघून चिमट्यानं हात मागे घेतला. "ताई, राहू द्या. दर खेपेला चकती खराब होतेय. साहेबांचं सगळं काम आलंय की."

"साहेबांचं आलं. माझं राहिलं."

"पण…"

"लावा परत."

त्यानं लावली. दिवा एकच होता, टेबलावर वाकलेला. तिनं खुर्ची पुढे ओढली. पाठीमागे, दुकानाच्या अंधाऱ्या भागात, दुसरी एक खुर्ची करकरली. तिथं कुणी नव्हतं. चिमट्यानं वळून पाहिलं. तिनं नाही पाहिलं.

"बाबा," ती म्हणाली.

टक. टक.

"नाही."

टक. टक.

"नाही म्हटलं ना! तुमचं बरोबर होतं तेव्हा मी खोडलं. चुकत होतं तेव्हाही खोडलं, कारण तुम्ही आजारी होतात. आता तुम्ही आजारी नाही. आता ऐकून घ्या."

चिमटा उठून भिंतीला टेकला होता.

"फोडा ही डिस्क. खुशाल फोडा. उद्या मी कोऱ्या कागदावर हाच जिना काढेन. तो फाडलात तर परवा काढेन. असाच रुंद. तुम्ही बसा मागे ठोकत."

ती थांबली. आवाज खाली आला.

"तुमची आठवण येते. रोज येते. पण खोडायचं नाही."

बराच वेळ काहीच नाही…

टक.

दोघं दुसऱ्या ठोक्याची वाट बघत राहिले.

तो आला नाही.

उलट, डिस्कची घरघरसुद्धा थांबली. चिमटा पुढे आला. त्यानं डिस्कवर बोटं टेकली. गार. थरथर नाही.

"ताई… बंद पडली. चकती फिरत नाहीये."

"मग हे काय?"

पडद्यावर शाळेचा फोल्डर उतरत होता. सावकाश. पाया… खांब… खिडक्या…

चिमट्यानं परत हात लावला. काढला. शर्टाला पुसला.

जिना…

पूर्ण.

तिनं फाइल उघडली. एकेक पायरी बघितली. मग कोपरा बघितला. नाव तिचंच होतं. सोमवारी मंडळींपुढे ती उभी राहिली, तीही त्याच नावानं. पुढचं तुम्हाला ठाऊक आहे, त्या पायऱ्यांवर डबे खाऊन मोठी होणारी पोरं उद्या तुमच्या जागेवर बसतील.

पण त्या रात्री ती निघाली, तेव्हा चिमटा दारात आडवा आला. "ताई, थांबा. फाइल आली, डिस्क आता भंगार आहे. मला झोप लागणार नाही. एकदा आत बघू द्या."

त्यानं तिच्यासमोर कारखान्याचं सील फोडलं. ते अख्खं होतं, ती शपथेवर सांगते. स्क्रू काढले. झाकण खिशातल्या चिमट्यानं उचललं, हात न लावता. दिवा खाली ओढला.

आत आरशासारखी लख्ख चकती. ओरखडा एकसुद्धा नाही. आणि तिच्या कडेनं बोटाचे ठसे. एकापुढे एक, एकापुढे एक… पूर्ण गोल. कुणीतरी बाजूला बसून, एका बोटानं, ती हळूहळू फिरवत राहिलं असावं, तसे.