आठवा लॅपटॉप

नोएडाच्या सेक्टर त्रेसष्टमधल्या त्या तळमजल्यावर कंपन्यांनी दान केलेले जुने लॅपटॉप यायचे. विजया ते उघडून दुरुस्त करायची आणि तानूमावशी टूथब्रशने कीबोर्डमधला चुरा काढायच्या. साहेब असो की कारकून, बिस्किटं सगळे कीबोर्डवरच खातात, असं मावशींचं ठाम मत होतं.

या खेपेचे आठ लॅपटॉप संगम विहारच्या वस्तीत जायचे होते, म्हाताऱ्यांना घराजवळ हयातीचा दाखला मिळावा म्हणून. माणूस कॅमेऱ्यासमोर बसतो, पापणी मिटून उघडतो, आणि पडद्यावर ‘जिवंत’ असं उमटतं. नुसता फोटो धरला तर नकार यायलाच हवा. विजयाने मावशींना मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, "मेलेल्या माणसाला हे पास करत नाही. बिल्कुल नाही!"

सात यंत्रं गुणी निघाली. आठव्यासमोर तिने सहकारी प्रतीकचा फोटो धरला. नकार. आईचा धरला. नकार. मग पर्समधला वडिलांचा धरला, आणि हिरव्या अक्षरांत उमटलं, ‘जिवंत’. वडिलांना जाऊन सहा वर्षं झाली होती.

तिने कॅमेरा बदलला, डिस्क बदलली. चहावाल्या सूर्यकांतच्या मोबाइलमधला त्याचा वारलेला भाऊ पास झाला. त्याच फोटोत शेजारी उभा असलेला धडधाकट मेहुणा मात्र झाला नाही. विजया इंजिनियर, भुताखेतांना हसणारी. पण तीन दिवस तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. आर. के. पुरमच्या घरी दोनदा भाजी करपली. त्या बंद लॅपटॉपकडे पाठ करून बसवेना. रोज सकाळी त्याच्या कॅमेऱ्याच्या काचेवर वाफ धरलेली असायची, कुणी अगदी जवळून श्वास सोडावा तशी.

चौथ्या दुपारी ती डबा धुऊन आली, तर मावशी त्या आठव्यासमोर बसलेल्या. हातात पिवळा पडलेला फोटो: वर्दीतले धोंडीराम, त्यांचे मालक, डोळे वटारून समोर बघणारे. एकोणीस वर्षांपूर्वी रजा संपवून ते साताऱ्याहून गाडीत बसले, ते दिल्लीच्या छावणीत पोचलेच नाहीत. कुंकू पुसा म्हणून सगळ्यांनी समजावलं. मावशींनी ऐकलं नाही. आले तर इथेच येतील, म्हणून त्या दिल्ली सोडत नव्हत्या.

"मावशी, नको. ते बिघडलंय."

"बघू तरी दे गं."

मावशींनी फोटो कॅमेऱ्यासमोर धरला. पडद्यावर सूचना आली: पापणी मिटा.

पंख्याचा आवाज तेवढा होता.

मग हिरवी अक्षरं.

"पास झाले! पोरी, पास झाले गं!" मावशी हसत होत्या आणि रडत होत्या. "जित्त्या माणसालाच पास करतं, तूच म्हणाली होतीस ना?"

खरं काय ते सांगायला हवं होतं. विजयाने त्या कुंकवाकडे पाहिलं आणि तिचा धीर सुटला.

"हो मावशी," ती म्हणाली. "म्हटलं होतं मी."

मावशींनी न बघताच फोटो पदराने पुसला आणि कौतुकाने तिच्यापुढे धरला. "बघ, कसे रुबाबदार दिसतात."

विजयाने पाहिलं. तीच वर्दी, त्याच मिशा, तीच ताठ मान.

डोळे मिटलेले होते.

मावशींनी अजून फोटो स्वतःकडे वळवला नव्हता.