दोरा घेतला, सही नाही

"बांधा, कामनान... दोरा खुशाल बांधा! पण त्या कागदावर सही मी करणार नाही."

लामदुआन एवढंच बोलली, आवाजही चढवला नाही, आणि माणसांनी खचाखच भरलेल्या त्या घरात साऱ्या माना तिच्याकडे वळल्या. मधोमध ख्वानचं ताट मांडलेलं होतं... फुलं, उकडलेलं अंडं, केळी, चिकट भाताचा गोळा. अपघाताने माणूस हादरला की त्याचा ख्वान, म्हणजे अंगातला जीवाभावाचा प्राण, घाबरून रानोमाळ पळतो. त्याला गोड बोलून परत बोलवायचं आणि पुन्हा जाऊ नये म्हणून मनगटाला पांढरा दोरा बांधायचा, ही आमच्या नान खोऱ्यातली वाडवडिलांपासूनची रीत. विधी करणाऱ्या म्हातारबुवांनी सुरात हाका मारून ख्वान बोलावला होता, आणि कामनान बुनथा स्वतः गुडघ्यांवर बसून दोरा बांधत होते. साधीसुधी गोष्ट नव्हे ती! कामनान म्हणजे आजूबाजूच्या साऱ्या गावांचा मुख्य माणूस, बोलेल ती पूर्व दिशा. त्याने कुणाच्या घरी येऊन दोरा बांधावा म्हणजे घरादाराने कृतार्थ व्हावं.

पण ज्या गाडीने लामदुआनचा उजवा पाय मोडला, ती गाडी याच कामनानांची होती... आणि चालवतही तेच होते!

रंगवलेल्या सुताच्या लडी मोटरसायकलला बांधून ती देवळाच्या वळणावर आली होती. वळायचा दिवा लावला, हातही दाखवला, आणि मागून कामनानांची पिकअप थेट अंगावर आली. हाड जुळलं, पण गुडघा कायमचा ताठ राहिला. चौकीत कामनानांनी सांगितलं, "बाई न बघताच मध्ये आली." शेजारच्या सीटवर त्यांची मुलगी पिमचन होती, तिने मान खाली घालून सांगितलं, "मी फोनमध्ये बघत होते, मला काही दिसलं नाही." आणि हीच पिमचन सोंगक्रानच्या, म्हणजे नव्या वर्षाच्या सणानंतर लामदुआनच्या धाकट्या भावाची, थनितची, बायको होणार होती. आता बोला!

कागदावर लिहिलं होतं की चूक लामदुआनची होती, ख्वानचा मान तिला पोचला, आणि यापुढे कुठेही, कधीही तिची तक्रार नाही की मागणी नाही.

"दोरा घेतलास ना?" कामनानांचा चेहरा तांबडालाल झाला. "मग आता राहिलं काय? ख्वान परत आला, प्रकरण मिटलं. आपल्यात हेच चालत आलंय."

"ख्वान आला, तुमचे उपकार," लामदुआनने हात जोडले. "पण चूक माझी होती असं ख्वान म्हणाला नाही."

कुणीतरी मागे फिसकन हसलं आणि लगेच खोकल्याचं सोंग केलं. कामनान उठले. उंबऱ्यापाशी थांबून, थनितकडे न बघताच म्हणाले, "सही नाही, तर लग्नही नाही."

पाहुणे पांगले, ताटातलं अंडं तसंच राहिलं, आणि थनित स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभा राहिला. तालुक्याच्या शाळेतला मास्तर, इस्त्रीचा शर्ट, डोळ्यांत मात्र रागाने पाणी.

"ताई, भर माणसांत माझी शोभा केलीस! सही करायची नव्हती तर हात कशाला पुढे केलास?"

"कुणी बरं चिंतून दोरा बांधतो तेव्हा हात मागे घ्यायचा नसतो, हे मीच तुला शिकवलंय."

"शब्दांचे खेळ नकोत! तुला हवंय तरी काय? पैसे? सरळ सांग ना, आकडा वाढवून हवाय!"

लामदुआनच्या हातातली कळशी तिथेच थांबली. बाप गेला तेव्हा हा पोर तिच्या कडेवर होता. मागावर बसून वाहत्या पाण्याच्या नक्षीचं कापड विणत विणत तिने त्याला शिकवलं, दोन स्थळं हसत हसत परतवली, कधी एका शब्दाने उपकार बोलून दाखवले नाहीत... आणि आज त्याच तोंडून हा शब्द! डोळ्यांतून टिपूस येऊ द्यायचं नाही असं तिने ठरवलं, आणि नाहीच येऊ दिलं.

"ऐक, थनित. दवाखान्याचा खर्च सक्तीच्या विम्यातून मिळाला, तो चूक कुणाचीही असो मिळतोच. त्यापुढचं, या पायाचं, बुडालेल्या कामाचं, ते ज्याची चूक त्याच्याकडून किंवा त्याच्या विम्याकडून मागायचा मला हक्क आहे. आणि तुला सांगते, तो हक्क मी तुझ्या लग्नासाठी हसत सोडला असता! एक पैसासुद्धा नको म्हटलं असतं. पण चूक माझी होती असं लिहून देऊ? जन्मभर सूत रंगवून आणलं, कधी कुणाच्या कोंबडीला धक्का लावला नाही! खोट्यावर सही करून मी तुझ्या वरातीत कुठल्या तोंडाने नाचू?"

"नाचायला पाय कुठाय तुला!" थनित बोलून गेला.

बोलला, आणि स्वतःच पांढराफटक पडला. पण तोंडातून गेलेला शब्द परत कसा घ्यायचा ते त्याला सुचेना. त्याने पिशवीत चार कपडे कोंबले आणि शाळेच्या खोलीत राहायला निघून गेला. आई खामपुन ओट्यावर बसून पदराने डोळे पुसत राहिली. "दुआन, तू नमतं घे ग... लेकरू आहे ते," एवढंच पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

नमतं घ्यायला लामदुआनला कधीच कमीपणा वाटला नव्हता. पण दवाखान्यातून सुटल्यावर ती कुबडी टेकत नानच्या सरकारी मदत-कचेरीत जाऊन आली होती, आणि तिथल्या सुवन्नी वकीलबाईंचं बोलणं तिच्या मनात पक्कं बसलं होतं. "ताई, एवढी जबर दुखापत झाली की फौजदारी खटला सरकार चालवतं. तुम्ही माफ केलं तरी तो बंद होत नाही, पण तुम्ही सरकारी वकिलाच्या जोडीला उभ्या राहू शकता, आणि त्याच न्यायालयात भरपाई मागू शकता. तडजोडही करता येते, त्यात लाज कसली? फक्त न्यायालयाच्या मध्यस्थासमोर करा, दोघांचं ऐकून. समोरच्याने चूक मानून भरपाई दिली तर न्यायालय त्याच्याशीही नरमाईने वागू शकतं. पण पाय किती बरा होणार हे डॉक्टर सांगत नाहीत तोवर घाईने सही नको. 'यापुढे मागणी नाही' लिहिलंत की ते दार सहसा पुन्हा उघडत नाही."

"आणि दोरा?" लामदुआनने भीत भीत विचारलं होतं. "दोरा बांधून घेतला तर हक्क जातो म्हणतात गावात..."

वकीलबाई मनापासून हसल्या होत्या. "घ्या बांधून! माझी आई असती तर तिनेही बांधला असता. दोरा मनासाठी, कागद कायद्यासाठी. लोक दोन्ही एकाच ताटात वाढतात, तिथेच फसतात."

त्या दिवसापासून लामदुआनच्या डोक्यावरचं ओझं उतरलं होतं. माफ करणं वेगळं, मिंधं होणं वेगळं! एवढी सरळ गोष्ट, पण आमच्या गावात अजून कुणाच्या डोक्यात शिरली नव्हती.

लग्न मोडल्याची आवई उठली, तरी तिने मागावरचं कापड उतरवलं नाही. ते पिमचनचं लग्नाचं सिन होतं, नवरीने कमरेला गुंडाळायचं, आणि अपघाताआधी ते अर्धं विणून झालं होतं. "लग्न होवो न होवो, माझ्या हातचं काम अर्धं राहणार नाही," ती आईला म्हणाली. पण मागाला पावड्या दोन, आणि वाकणारा पाय एकच! डाव्या पायाने एक पावडी दाबायची, मग अंग उचलून त्याच पायाने दुसरी. दोन बोटं कापड विणलं की घामाने चोळी भिजायची.

अशाच एका दुपारी पायऱ्यांवर चाहूल लागली. पिमचन उभी होती. किती वेळ बघत होती कोण जाणे! तिचा चेहरा रडून सुजला होता.

"ताई... हे माझंच ना? अजून विणताय?"

"मग काय कोंबड्यांना नेसवू?" लामदुआन म्हणाली. "आलीस तर बस. उजवी पावडी दाब."

पोरगी मुकाट्याने बाकावर तिला खेटून बसली. धोटा सरकला, फणी बसली. थोडं कापड झालं आणि पिमचनचा बांध फुटला.

"ताई, तुम्ही हात दाखवला होता! मी बघितला होता! बाबांचा डबा सीटखाली पडला, ते वाकून घेत होते... मी चौकीत खोटं बोलले, ताई... मला क्षमा..."

लामदुआनने धोटा थांबवला. इतके महिने जे ऐकायला तिचे कान आसुसले होते, ते शब्द आले होते. आता फक्त हिला हाताला धरून चौकीत न्यायचं, की सगळ्या गावाची तोंडं बंद! पण शेजारी हुंदके देणारी ती पोर तिला दिसली... बापाविरुद्ध साक्ष देऊन ही कुठल्या घराची राहील?

"मला नको सांगूस," ती हळूच म्हणाली. "मला ठाऊकच आहे. मी तुझं नाव कुठेही घेणार नाही, वकीलबाईंकडेसुद्धा नाही. लेकीला बापासमोर उभं करून मला जिंकायचं नाही. जिथे सांगावंसं वाटेल तिथे तूच सांग... नाहीतर नको सांगू. पावडी दाब."

सोंगक्रान आला. त्या दिवशी सारं गाव कामनानांच्या अंगणात जमतं. ते खुर्चीत बसतात, आणि एकेक जण गुडघे टेकून त्यांच्या ओंजळीत सुगंधी पाणी घालतो, वर्षभरातल्या अपराधांची क्षमा मागतो. मग ते आशीर्वाद देतात. रांगेत लामदुआन दिसली आणि कुजबुज सुरू झाली. "आली बघा शेवटी! अगं, कामनानांपुढे कुणाचं चाललंय?" थनित खांबाआड उभा होता, त्याने नजर वळवली.

तिची पाळी आली. आईने हातात वाटी दिली. लामदुआनने गुडघे टेकायला अंग झुकवलं... आणि उजवा पाय काठीसारखा ताठ! तोल गेला, पाणी हिंदकळलं, खांबाआडून थनित धावला आणि त्याने तिला काखेत सावरलं.

"वाकत नाही, कामनान," ती धापा टाकत, पण मान ताठ ठेवून म्हणाली. "माफ करा, उभ्यानेच घ्या. वर्षभरात शब्दाने, मनाने तुमचा काही अपराध घडला असेल, तर क्षमा करा. जो घडला नाही, त्याची मागत नाही."

तिने पाणी घातलं. आता आशीर्वाद द्यायचा होता. 'तुझे सारे अपराध धुतले गेले' असं म्हणायचं होतं... ओंजळीतलं पाणी बोटांतून गळून गेलं. खुर्चीमागे पिमचन उभी होती. आदल्या दिवशी तिने बापाला सांगितलं होतं, "बाबा, मी चौकीत जाऊन खरं सांगणार आहे. पण माझ्याआधी तुम्ही गेलात, तर मला जन्मभर तुमचा अभिमान वाटेल."

कामनान बुनथा खुर्चीवरून उठले. आणि सगळ्या गावासमोर, पांढऱ्या केसांचा तो माणूस लामदुआनच्या ताठ पायापाशी जमिनीवर बसला!

"तुझा कुठला अपराध धुऊ, पोरी?" ते म्हणाले. "तू हात दाखवला होतास. मीच रस्त्याकडे बघत नव्हतो... माझी चूक. चौकीत खोटं बोललो, आणि दोरा बांधून ते खोटं तुझ्याच माथी मारायला निघालो होतो." त्यांनी वाटी उचलली आणि उरलेलं पाणी तिच्या ओंजळीत घातलं. थोरल्याने धाकट्याच्या हातावर पाणी घातलेलं आमच्या गावाने कधी पाहिलं नव्हतं!

आणि मग, इतके महिने अडवलेलं पाणी लामदुआनच्या डोळ्यांतून घळघळा वाहिलं.

"उठा, कामनान," ती म्हणाली. "मी दोरा बांधून घेतला त्याच दिवशी माफ केलं होतं. बाकीचं आपण मध्यस्थासमोर बसून बोलू. ते मी सोडणार नाही हं!"

रडता रडता कामनान हसले. "सोडू नकोस," म्हणाले.

पिमचनला बरोबर घेऊन ते स्वतः चौकीत गेले, दोघांनी आपला जबाब बदलला. मध्यस्थासमोर सुवन्नी वकीलबाई लामदुआनच्या शेजारी बसल्या. पायाची, कामाची, पुढच्या उपचारांची रीतसर भरपाई ठरली, आणि नव्या कागदावर पहिलं वाक्य होतं, चूक गाडी चालवणाऱ्याची. लामदुआनने तो दोनदा वाचला, मग ठसठशीत सही केली. खटला सरकारचा, तो चाललाच. चूक मानलेली बघून न्यायालयाने कामनानांची तुरुंगाची शिक्षा स्थगित ठेवली.

पुन्हा ठरलेलं लग्न आठवड्यावर आलं तरी सिनचा शेवटचा काठ राहिला होता. सकाळी लामदुआन मागावर बसली, तर थनित पायऱ्या चढून वर आला. चपला काढल्या, इस्त्रीच्या पँटची टोकं दुमडली, आणि तिच्या उजव्या बाजूला बसला. तिच्या मनगटावर तो दोरा अजून होता, मळून करडा झालेला. त्याने त्यावर कपाळ टेकवलं.

"ताई... त्या दिवशी मी पायावरून बोललो..."

"तू बोललास होय? मी ऐकलंच नाही," ती म्हणाली. पण तिचा हात त्याच्या केसांत किती तरी वेळ फिरत राहिला.

मग त्याने डोळे पुसले, अनवाणी पाय पावडीवर ठेवला. "दाबू?"

"दाब," लामदुआन म्हणाली, आणि तिची मान अभिमानाने वर झाली. "आणि नीट दाब. माझा उजवा पाय फार शिस्तीचा होता."